मॅडिसनच्या घुमटाखाली

माझी भाची अमेरिकेत मॅडिसनला राहते. मे २०२५ मध्ये तिच्याकडे गेले, तेव्हा पहिल्याच शनिवारी ती मला बाजाराला घेऊन गेली. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर विस्कॉन्सिन राज्याचं विधानभवन आहे. सगळे त्याला कॅपिटॉल म्हणतात. पांढरा ग्रॅनाइट, प्रचंड घुमट, आणि चारी बाजूंच्या फुटपाथवर शेतकऱ्यांचे तंबू. ज्यानं पिकवलं त्यानंच विकायचं, हा या बाजाराचा १९७२ पासूनचा नियम.

एका दूधवाल्या शेतकऱ्याकडे चीज कर्ड, म्हणजे चीजचे छोटे तुकडे, घेतले. ताजे असले की दाताखाली कुईकुई वाजतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, असं भाचीनं सांगितल्यावर तो मनापासून हसला. थोड्या वेळानं बोलता बोलता म्हणाला, "शिक्षकांशी माझं भांडण नाही. पण माझ्या गाई सुट्टी घेत नाहीत. माझा विमा मीच भरतो. मग त्यांचाही माझ्याच करातून का?" मला एकदम माझं गाव आठवलं. जुन्या पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही संपावर होतो, तेव्हा पारावर हेच ऐकलं होतं: मास्तरांना काय, पगार आणि पेन्शन. त्या माणसाचा मला राग आला नाही. पण हे दुखणं हेरून त्याचा वापर कोण करतं, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

फेब्रुवारी २०११ मध्ये विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी नेमकं हेच दुखणं धरून विधेयक आणलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी पेन्शन आणि विम्यासाठी जास्त पैसे भरायचे, इथपर्यंत संघटना तयार झाल्या होत्या. पण विधेयकानं त्यांचा एकत्र बसून वाटाघाटी करण्याचा हक्कच जवळजवळ काढून घेतला. आणि तोही विस्कॉन्सिनमध्ये! सरकारी कर्मचाऱ्यांना हा हक्क कायद्यानं देणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य हेच, १९५९ सालचं. पोलीस आणि अग्निशमन दलाला विधेयकातून वगळलं होतं. तरीही अग्निशमनचे जवान बॅगपाइप वाजवत मोर्चात आले. राज्याच्या सिनेटमधले १४ डेमोक्रॅट मतदानाला लागणारी गणसंख्या मोडण्यासाठी शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन राहिले. शिक्षक, नर्स, विद्यार्थी याच घुमटाखाली संगमरवरावर अंथरूण टाकून झोपले. जवळच्या एका पिझ्झाच्या दुकानात त्यांच्यासाठी देशभरातून, अगदी इजिप्तमधूनही, पैसे भरून ऑर्डरी येत होत्या.

मार्चमध्ये कायदा झालाच. पुढच्या वर्षी वॉकर यांना परत बोलावण्यासाठी निवडणूक लागली, आणि ते सुमारे ५३ टक्के मतांनी टिकले. बाजारातल्या त्या माणसासारखे लाखो लोक होते. हे मान्य केल्याशिवाय विस्कॉन्सिन समजत नाही.

मला जास्त अस्वस्थ केलं ते २०११ मधल्याच दुसऱ्या कामानं. मतदारसंघांचे नवे नकाशे विधानभवनात आखलेच गेले नाहीत. समोरच्या रस्त्यापलीकडे एका वकिली फर्मच्या कार्यालयात ते गुपचूप तयार झाले. रिपब्लिकन आमदारांना तिथे बोलावून ज्याचा त्याचा मतदारसंघ दाखवला, आणि बाहेर बोलणार नाही अशा कागदावर सह्या घेतल्या. मी तो रस्ता ओलांडून पाहिला. सिग्नल धरूनही दोन मिनिटं लागली नाहीत. जनतेच्या घरापासून इतक्या जवळ, आणि जनतेला पत्ता नाही! २०१८ मध्ये राज्यभरातून निवडायची सगळी मोठी पदं डेमोक्रॅटनी जिंकली, विधानसभेलाही त्यांना जवळपास ५३ टक्के मतं पडली. जागा मात्र ९९ पैकी ६३ रिपब्लिकनांच्या. डेमोक्रॅटांची मतं मॅडिसन आणि मिलवॉकीत एकवटलेली असतात, काही जागी लढतच नव्हती, हे खरं. तरी एवढी दरी नुसत्या भूगोलानं पडत नाही.

२०२२ मध्ये त्याच धर्तीवर आलेले पुढचे नकाशे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. इथे न्यायाधीशही मतदानानं निवडतात, त्यामुळे पैसेवाल्यांची नजर आता न्यायालयाकडे वळली आहे. मी पोचायच्या महिनाभर आधी, १ एप्रिलला, एका न्यायाधीशपदासाठी निवडणूक झाली आणि तिच्यावर १० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. इलॉन मस्क आणि त्यांच्या गटांनी त्यात २ कोटींहून जास्त ओतले. ग्रीन बेच्या सभेत त्यांनी दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश दिले. तरी त्यांचा उमेदवार सुमारे दहा टक्क्यांनी पडला. भाची सांगत होती, त्या रात्री तिच्या शेजारणी रडल्या.

मंगळवारी मी एकटीच कॅपिटॉलमध्ये गेले. गव्हर्नरच्या कार्यालयाबाहेर ब्राँझचा बॅजर, म्हणजे या राज्याचा प्राणी, आहे. येणारा-जाणारा त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे तेवढं नाक सोन्यासारखं चमकतं. पुढे विस्कॉन्सिनचे एकेकाळचे गव्हर्नर आणि सिनेटर रॉबर्ट लाफॉलेट यांचा अर्धपुतळा. रेल्वे आणि लाकूड कंपन्यांच्या धन्यांशी ते झगडले. १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध मत दिलं म्हणून अमेरिकेच्या सिनेटमधून त्यांना काढायची मागणी झाली. १९४६ मध्ये त्यांच्याच मुलाला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून जोसेफ मॅकार्थी पुढे आले, पुराव्याशिवाय लोकांना कम्युनिस्ट ठरवण्यासाठी कुप्रसिद्ध झालेले. एकाच मातीनं दोघांना निवडून दिलं.

बाराच्या सुमाराला घुमटाखाली पंधरा-वीस माणसं गोल करून उभी राहिली. बहुतेकांचे केस पांढरे. मार्च २०११ पासून कामाच्या दिवशी दुपारी इथे येऊन ते निषेधाची गाणी म्हणतात. २०१३ मध्ये परवाना नाही म्हणून यांच्यापैकी शेकडो जणांना पोलिसांनी धरलं होतं. एका आजींनी माझ्या हातात गाण्यांची वही दिली. कडा चिकटपट्टीनं जोडलेल्या, पानं बोटांनी मऊ झालेली. मला चाल येत नव्हती, तरी म्हटलं. आवाज घुमटात वर गेला आणि परत खाली आला. वरच्या कठड्याला टेकून शाळेची मुलं बघत होती.

तासाभरानं त्यांनी वह्या गोळा केल्या आणि कापडी पिशवीत भरल्या. आजींनी मला विचारलं, "उद्या आहेस ना?"