आमची वाटचाल : नांदुरीच्या घाटातून पिक्टनच्या धक्क्यापर्यंत

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. १९९४ साली त्यांनी कर्ज काढून ट्रॅक्स जीप घेतली आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून वणी, त्र्यंबक, शिर्डी अशा फेऱ्या सुरू केल्या. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात गडावर जाणाऱ्यांची रीघ लागायची. नांदुरीचा घाट चढताना मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उलटी व्हायचीच. दादांच्या सीटखाली पत्र्याचा एक डबा असायचा. त्यात कोरडी माती, जुनी फडकी, पाण्याची बाटली. ते गाडी बाजूला घ्यायचे, त्या माणसाला उतरवून चूळ भरायला पाणी द्यायचे आणि तो तोंड धूत असतानाच आतली घाण स्वतःच्या हाताने काढून टाकायचे. तो परत येऊन बसायचा तेव्हा खालचा पत्रा कोरडा असायचा. सुट्टीत मी क्लीनर म्हणून सोबत जायचो. एकदा मी नाक धरलं. दादा हळू आवाजात म्हणाले, "त्याला आधीच लाज वाटतीये. तू त्यात भर घालू नको."

आज आमची फर्म नाशिककर कुटुंबांना न्यूझीलंडमध्ये मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायला पाठवते. दोन्ही धंदे एकमेकांपासून फार लांबचे वाटतात, पण मला तसे ते कधी वाटले नाहीत.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. २००३ च्या सिंहस्थात दुसरी गाडी आली. मी बी.कॉम. झालो, चार वर्षं एका तिकीट बुकिंगच्या ऑफिसात घासली आणि २०११ मध्ये गंगापूर रोडला दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. मोठ्या कंपन्यांच्या युरोप, सिंगापूर, दुबईच्या सहली विकायच्या आणि कमिशन घ्यायचं. त्यात वाईट काही नव्हतं, पण माणूस परत आला की त्याच्याशी बोलण्यासारखं आमच्याकडे काही नसायचं. सहल दुसऱ्याची, बस दुसऱ्याची, जेवण दुसऱ्याचं.

२०१५ च्या सिंहस्थात चांगली कमाई झाली. त्या पैशातून मी आणि बायको २०१७ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडला गेलो. क्राइस्टचर्चला दोन बर्थची मोटरहोम ताब्यात घेतली. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीतलं आपलं लायसन्स पाहुण्यांना चालतं, एवढ्या भरवशावर आम्ही निघालो होतो. तिसऱ्या दिवशी पुकाकी तलावाकाठी थांबलो. हिमनद्या खडक दळतात, त्याची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, म्हणून त्या तलावांचं पाणी दुधाळ निळं दिसतं. पलीकडे ३,७२४ मीटरचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, पूर्ण उघडा होता. बायकोने गॅसवर आल्याचा चहा टाकला, मी दार उघडून पायरीवर बसलो. घाई करणारं कुणी नव्हतं. अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "हे बसमधून विकता यायचं नाही."

परत आल्यावर आम्ही सहली विकायचं हळूहळू कमी केलं आणि हे काम धरलं. आपल्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. न्यूझीलंड हा अख्खा देश ५३ लाखांच्या आसपास. क्षेत्रफळाने मात्र तो महाराष्ट्राहून थोडासाच लहान आहे. एवढ्या मोकळ्या मुलखात स्वतःचं घर सोबत घेऊन फिरणं हे आपल्या माणसांना आवडेल, याची मला खात्री होती. ते त्यांना जमेल का, याचा विचार मात्र मी पुरेसा केला नव्हता.

२०१८ मध्ये पहिली चार कुटुंबं गेली आणि पहिल्याच कुटुंबाच्या वेळी माझी मोठी चूक झाली. तिथे पेट्रोलवरचा रस्त्याचा कर पंपावरच घेतला जातो, डिझेलवर मात्र तसा घेत नाहीत. डिझेल गाडीला किलोमीटर मोजून वेगळा रोड यूजर चार्ज लागतो आणि भाड्याच्या गाडीत तो आपल्या माथी येतो. मी करार वाचला होता, पण ते कलम गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं नव्हतं. गाडी परत करताना त्यांच्या कार्डावरून पैसे कापले गेले आणि त्या गृहस्थांना वाटलं, आपल्याला फसवलं. ते पैसे मी खिशातून भरले. तेव्हापासून आमच्या कोटेशनच्या पहिल्याच पानावर, भाड्याच्या लगेच खाली, तो चार्ज, विम्याचा एक्सेस (नुकसान झालं तर आपण भरायची रक्कम) आणि फेरीबोटीचं भाडं मोठ्या अक्षरात असतं. कित्येक जण ते पान बघूनच परत जातात. जाऊ देत. मोटरहोम स्वस्त पडते असं आम्ही कुणालाही सांगत नाही, डिसेंबर-जानेवारीत तर मुळीच नाही.

दुसरी अडचण अशी होती की ती बोलायलाच कुणी तयार नव्हतं. मोटरहोममधल्या संडासाखाली अठरा-वीस लिटरची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. गाडीच्या बाहेरून एक छोटं दार उघडून ती ओढून काढायची आणि डम्प स्टेशनवर नेऊन रिकामी करायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. दोन दिवसांतून एकदा हे करावंच लागतं. पहिल्या चार कुटुंबांपैकी दोघांनी दोन आठवडे गाडीतला संडास वापरलाच नाही. रात्री थंडीत म्हाताऱ्या आईला हॉलिडे पार्कच्या, म्हणजे गाडी मुक्कामाला लावायच्या तळावरच्या, स्वच्छतागृहापर्यंत चालवत नेलं. एका घरात हे काम कुणी करायचं यावरून नवरा-बायकोत अबोला झाला. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणावर तरी ढकललं गेलं आहे, आणि तिकडे ढकलायला कुणी नसतं. खरी अडचण ही आहे असं माझं मत आहे, आणि मी ते आता गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दादा आणि आईला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. दादा तेव्हा ६८ वर्षांचे. लक्ष्मीपूजन 'ते आनाउ' नावाच्या गावी झालं. नोव्हेंबरमध्ये तिथे रात्री नऊच्या सुमाराला अंधार पडायला लागतो, त्यामुळे पूजा लख्ख उजेडात झाली. गाडीत ज्योत नको म्हणून आईने सेलवरचे दिवे लावले होते. दुसऱ्या दिवशी मिलफर्ड साउंडच्या खाडीकडे निघायचं होतं. सकाळी मी उठलो तर दादा जागेवर नव्हते. बाहेर पाहिलं तर ते डम्प स्टेशनवरून येत होते, एका हातात धुतलेली कॅसेट, दुसऱ्या हातात रबरी हातमोजे. आदल्या संध्याकाळी शेजारच्या गाडीवाल्याचं बघून ते सगळं शिकून घेतलं होतं. कॅसेट आत सरकवली, खटका लागल्याचा आवाज आल्यावर एकदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "सोपं आहे. रबराला जरा तेल लागतं." पुढचे अकरा दिवस त्यांनी त्या पेटीला मला हात लावू दिला नाही.

मिलफर्डच्या वाटेवर होमर बोगदा लागतो, १९५४ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, आतून खडक तसाच ओबडधोबड. बोगद्याबाहेर सिग्नलला थांबलो तर किया नावाचे हिरवे डोंगरी पोपट आले आणि खिडकीचं रबर चोचीने ओढायला लागले. खायला अजिबात द्यायचं नाही आणि गाडी सोडून लांब जायचं नाही, हे आता आमच्या सूचनांमध्ये आहे.

२०१९ च्या मे महिन्यात निफाड-दिंडोरीकडचे तीन द्राक्ष बागायतदार घरच्यांना घेऊन गेले. खरड छाटणी (हंगामानंतरची छाटणी) आटोपून, मोजून दहा दिवस. मी सोबत होतो. तीन गाड्या वेलिंग्टनला फेरीबोटीत चढवल्या (चढण्याआधी गॅसच्या बाटल्या बंद कराव्या लागतात) आणि साडेतीन तासांनी दक्षिण बेटावर पिक्टनच्या धक्क्यावर उतरलो. तिथून ब्लेनहाइम अर्ध्या तासावर. मार्लबरोचा हा सगळा पट्टा द्राक्षाचा, व्यापारी लागवड १९७३ पासूनची, आणि सोव्हिन्यॉं ब्लांक ही वाइनच्या द्राक्षाचीच मुख्य जात. काढणी उरकली होती, पानं पिवळी पडली होती. आपल्यासारखा मांडव कुठेच नाही, तारांवर उभ्या भिंतींसारख्या ओळी. बागेत उंच खांबांवर पंखे बसवलेले दिसले. पिंपळगावकडचे एक काका गाडी थांबवायला लावून खालीच उतरले. हे कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन दव गोठायला लागतं, पण वरच्या थरात त्यामानाने उबदार हवा असते. पंखा ती वरची हवा खाली ओढून मिसळतो. काका बराच वेळ वर बघत उभे होते. मग म्हणाले, "आमी निफाडला पारा चार-पाचवर गेला की पहाटे दोनला उठून बागंत शेकोट्या करतो. धुरानं डोळे जातात. ह्यांनी बटण दाबलं की झालं." त्या संध्याकाळी हॉलिडे पार्कच्या सामाईक स्वयंपाकघरात पिठलं शिजत होतं आणि तिघांचा हिशेब चालला होता, असा एक पंखा किती एकरांना पुरेल याचा.

हीच मंडळी विमानतळावर अडकली असती. तिथे बाहेरची माती, बी, खाण्याचे पदार्थ यांबाबत फार कडक नियम आहेत. अर्जात न सांगता काही नेलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर वस्तू जाते, पण दंड होत नाही. काकांच्या बॅगेत बागेत वापरलेले बूट होते. निघायच्या आदल्या रात्री बायकोने सगळ्यांच्या बॅगा उघडून पाहिल्या म्हणून ते सापडले आणि तळाची काळी माती ब्रशने घासून काढता आली. मधाची बाटलीही बाहेर काढली.

१९ मार्च २०२० ला न्यूझीलंडने सीमा बंद केली. आमची सात कुटुंबं एप्रिल-मेमध्ये जाणार होती. गाड्यांचे आगाऊ पैसे ज्या मध्यस्थामार्फत भरले होते त्याने परत दिले नाहीत, पुढच्या प्रवासात वळते करू म्हणाला आणि नंतर फोन उचलेनासा झाला. गिऱ्हाइकांनी पैसे आम्हाला दिले होते, त्याला नाही. आम्ही एक टेम्पो ट्रॅव्हलर विकली आणि हप्त्याहप्त्याने सातही जणांचे पैसे फेडले. त्या उन्हाळ्यात बागायतदारांचा माल बागेतच पडून होता. उरलेल्या गाडीतून त्याच काकांच्या द्राक्षांच्या पेट्या आम्ही नाशिकच्या सोसायट्यांमध्ये पोचवल्या. सीमा सगळ्यांसाठी पूर्ण उघडली ती ३१ जुलै २०२२ ला. दोन वर्षांहून जास्त काळ ऑफिसचा गाळा बंद होता. पण पैसे फेडलेल्या सात कुटुंबांपैकी पाच आमच्याकडेच परत आली.

आता गाडीचं बुकिंग आम्ही मध्यस्थाशिवाय, थेट करतो. आणि २०२३ मध्ये मखमलाबादला एक शेड भाड्याने घेतली. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा सांगाडा आणून त्यात गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, घरगुती वापराची बॅटरी आणि खरीखुरी कॅसेट बसवली. जाण्याआधी प्रत्येक कुटुंबाने एका शनिवारी इथे अर्धा दिवस यायचंच. आल्याशिवाय आम्ही तिकिटं हातात देत नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप कधीच एकमेकांच्या जागी वापरायचा नाही, हे हाताने करून दाखवतो. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज बॅटरीवर चालतात, पण मिक्सर पॉवर्ड साइटवर, म्हणजे विजेची सोय असलेल्या मुक्कामाच्या जागी, केबल लावल्यावरच चालेल. म्हणून वाटण पॉवर्ड साइटच्या दिवशी करून ठेवायचं. गाडी चालू असताना मागे उठून चहा करायचा नाही, प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं. शेडबाहेर चुन्याने एकेरी पूल आखलाय. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असला की आपण थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. सहा बर्थची गाडी सात मीटरहून लांब आणि तीन मीटरहून उंच असते, तेव्हा झाडाच्या फांद्या आणि दुकानांची छपरं बघायची सवय गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मोठी गाडी देऊन लावतो. तिथे साडेतीन टनांवरच्या गाडीला खुल्या रस्त्यावर ९० ची मर्यादा आहे. कुठेही मोकळ्यावर मुक्काम करता येतो हा गैरसमजही इथेच काढतो. त्यासाठी २०११ चा कायदा आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर गाडी स्वयंपूर्ण (पाणी, संडास, सांडपाण्याची सोय आतच असलेली) ठरायला संडास आत पक्का बसवलेलाच हवा.

आणि कॅसेट. ज्याच्या नावावर बुकिंग, त्याने ती आधी काढायची, मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने. डॉक्टर असो, बिल्डर असो. सुरुवातीला दोन जणांनी यावरून बुकिंग रद्द केलं.

आठ दिवसांत न्यूझीलंडची उत्तर आणि दक्षिण ही दोन्ही बेटं बघायची म्हणणाऱ्यांनाही आम्ही नाही म्हणतो. दिवसाला दोनशे किलोमीटर पुष्कळ झाले. क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशेच्या आसपास आहे आणि थांबत थांबत गेलं तर त्यातच दिवस जातो, जायलाच हवा.

आज आम्ही चौघं आहोत. बायको व्हिसाची कागदपत्रं आणि जेवणाची यादी बघते. भाचा रात्रीचा फोन सांभाळतो, कारण तिकडची सकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. ऋतूनुसार ते आपल्या साडेसहा किंवा साडेसात तास पुढे असतात. बहुतेक फोन हीटर पेटत नाही किंवा पाणी गरम येत नाही याचे असतात आणि दहातल्या आठ वेळा गॅसची बाटली बंद राहिलेली असते.

दादा पंचाहत्तरी ओलांडून गेले, तरी शनिवारी शेडवर असतात. कॅसेट तेच शिकवतात. मागच्या शनिवारी एक कॉलेजातली मुलगी मागे उभी होती, पुढे येईना. दादांनी कॅसेट तिच्या पायाजवळ ठेवली, हातमोज्यांची दुसरी जोडी काढून दिली आणि स्वतः पाण्याचा नळ सोडायला गेले. परत आले तेव्हा तिने झाकण उघडलं होतं.