मारुतीला तेल

बॉनेट उघडं होतं आणि त्यातून जमीन दिसत होती. मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार, नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीतलं गॅरेज. माझ्या गाडीच्या पोटातून खालची तेलकट फरशी, फरशीवरचं बिडीचं थोटूक आणि सावलीला येऊन पसरलेलं मांजर, सगळं स्वच्छ दिसत होतं. इंजिन वर, साखळीच्या पुलीला लटकलेलं. ते हळूहळू स्वतःभोवती अर्धा फेरा घ्यायचं आणि परत उलटं फिरायचं. इतकंसं? मला ते घमेल्याएवढं वाटलं. एवढ्याशा लोखंडाच्या जिवावर आपण सहा-सहा माणसं कोंबून सप्तशृंगी गडावर जात होतो म्हणजे कमालच.

उस्तादांचा पोरगा नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत टाकत होता. मराठी माणूस श्रीखंड आणतो ते डब्यासाठी, हे माझं जुनं मत आहे. एक डबा इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा आणि तिसरा ‘बघू नंतर’चा. काम संपल्यावर या तिसऱ्यात नेहमी दोन-तीन नग शिल्लक राहतात आणि ते कुठले, हे कुणीच कुणाला विचारत नाही.

गेलं वर्षभर गाडी तेल खात होती. मुंबई नाक्याच्या सिग्नलला शेजारचा बाइकवाला नाकाला रुमाल लावायला लागला, तेव्हा मी आरशात पाहिलं. निळा धूर. काळा असता तर कार्बोरेटरचं काहीतरी, पांढरा असता तर पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे तेल जळतंय, म्हणजे इंजिनाचं वय झालं.

पण आमच्या घरात मारुतीनं तेल पिणं ही तक्रार होऊच शकत नव्हती. १९९७ साली मारुती एट-हंड्रेड घरी आली ती शनिवारी, आणि तिची पहिली फेरी झाली अंजनेरीला. मारुतीला जन्मगाव दाखवायला नको का, असं अण्णांचं म्हणणं. पुढे दर शनिवारी आगर टाकळी. रामदास स्वामींनी बारा वर्षं तप केलं ते ठिकाण, तिथला तो शेणाचा गोमय मारुती. अण्णा दर्शन घेऊन बाहेर यायचे, बॉनेट उघडायचे, डिपस्टिक ओढायचे आणि जुन्या बनियनच्या चिंधीला पुसून परत घालायचे. एका मारुतीला नमस्कार झाला की दुसऱ्याचं तेल बघायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी हा क्रम कधी उलटा केला नाही.

अण्णा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. मायक्रोमीटरवर आयुष्य गेलेला माणूस. आईनं पोळी जाड केली तरी ‘आज अर्धा सूत जास्त आहे’ म्हणायचे आणि आई लाटणं दाखवायची. गाडी मात्र ते कधी स्वतः उघडत नसत. ‘आपलं काम लेथचं, हे काम उस्तादांचं.’ त्यामुळे त्यांच्यानंतर मीही उस्तादांकडेच जातो. ते आता सत्तरीला आलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण प्लग काढून त्याचं टोक उन्हात धरून बघतात ते अजून चष्म्याशिवाय.

त्यांनी मला मागच्या आठवड्यात सगळं रीतसर दाखवलं. तीन सिलिंडर, तीन प्लग. प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब मोजायचा, गेज लावला, पोराला सेल्फ मारायला सांगितला. पहिला बरा. तिसरा बरा म्हणावा असा. मधल्यावर काटा नव्वदपर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी ऑइलच्या कॅनमधून त्या भोकात चमचाभर तेल सोडलं आणि परत सेल्फ मारला. काटा सव्वाशेच्या पुढे.

‘बघ बेटा. तेल टाकलं की ताकद येते. म्हणजे व्हॉल्व्ह बरे आहेत, पिस्टनच्या रिंगा गेल्या.’

मला हे फार आवडलं. नंतर हेड उतरवल्यावर त्यांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आतून वर सरकवलं. भिंत गुळगुळीत, काचेसारखी. आणि अगदी वरच्या काठापाशी नख अडकलं. एक बारीकशी कड. पिस्टनची वरची रिंग तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तेवढी चिंचोळी पट्टी कारखान्यातून आली तशीच राहिलेली, व्यास साडेअडुसष्ट मिलिमीटर. तिच्या खालचं सगळं झिजलेलं. झिजलं म्हणजे किती, तर नखाला कळेल इतकं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत केसभर. आणि त्या केसापायी सिग्नलला लोक नाकाला रुमाल लावतात. मी उगाच आणखी दोनदा बोट फिरवून बघितलं. तिसऱ्यांदा फिरवायला लागलो तेव्हा पोरगा माझ्याकडे बघतोय असं लक्षात आलं.

सिलिंडर बोअर करून घेता आला असता. अंबडला नेऊन पाव मिलिमीटरनं मोठा करायचा, मोठे पिस्टन टाकायचे, नव्या रिंगा, चालली गाडी. पण हेडला तडा निघाला, क्रँकही घासायला झालेला. उस्तादांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली आणि कागद न दाखवताच घडी करून खिशात ठेवला. ‘तयार इंजिन बसवू,’ म्हणाले. सिन्नरच्या बाजूला एक मागून ठोकलेली एट-हंड्रेड उभी होती. मालक निवृत्त शिक्षक, गाडी फक्त बाजारहाटाला. डिकी चेपलेली, इंजिन धडधाकट. या गाड्या १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिल्यांदा रस्त्यावर आल्या आणि २०१४ च्या जानेवारीत बनायच्या बंद झाल्या. त्यामुळे आता एकीचं दुसरीला, दुसरीचं तिसरीला असंच चालायचं. चाळीतल्या शाळेच्या पुस्तकांसारखं.

भाऊ फोनवर म्हणाला, ‘त्या पैशात थोडे घालून सेकंडहँड चांगली गाडी येईल.’ येईल. हिशेबात तो कधीच चुकत नाही. मी म्हटलं, बघतो, आणि त्याच दुपारी आगाऊ रक्कम दिली.

त्याला कसारा आठवत नसेल असं नाही. डोंबिवलीला आत्याकडे जायचो आम्ही, दिवाळीत आणि मे महिन्यात. जाताना काही नाही, उतारच. येताना कसारा गाव मागे पडलं की अण्णा कॅसेट बंद करायचे. गाणं चालू असलं की इंजिनाचं ऐकू येत नाही. मग गाडीत कुणी बोलायचं नाही. आणि खरा चढ लागला, तिसऱ्याचा दुसरा गिअर झाला, की आई काही न बोलता पुढे झुकायची. मग तिच्या मागे बसलेली आजी. मग आम्ही तिघं भावंडं. अख्खं कुटुंब डॅशबोर्डकडे कललेलं, जणू गाडी नाही, आपणच ती ओढतोय. टर्नर असलेले अण्णाही, ज्यांना असल्या गोष्टींचं हसू यायला हवं होतं, स्टिअरिंगवर छाती टेकवून बसायचे. गाडी पुढच्या चाकांवर ओढते, तेव्हा भार पुढे गेला तर पकड थोडी वाढतेच, असं भाऊ आता सांगतो. सांगू दे. तेव्हा तोही तोंड मिटून झुकलेला असायचा.

वर घाटनदेवीपाशी गाडी थांबायची. अण्णा बॉनेट उघडून ठेवायचे. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे ते दर वेळी आम्हाला नव्यानं सांगायचे. देवीला नारळ आणि आम्हाला बटाटेवडे. आजी खाली उतरून गाडीच्या टपावर हात फिरवायची, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा. नारळातला एक तुकडा बॉनेटवर ठेवायची आणि मग तो आम्हीच खायचो.

आईची ती सवय अजून आहे. एसटीच्या शिवनेरीतही चढाला पुढे झुकते.

तर इंजिन बसलं. संध्याकाळी साडेसहाला उस्तादांनी किल्ली फिरवली, एकदा खोकलं आणि लागलं. आवाज परका होता, पण बरा होता. धूर नाही. ‘पहिले हजार किलोमीटर मारायची नाही. साठच्या आत,’ एवढं सांगून ते नमाजाला गेले. तिसऱ्या डब्यात दोन बोल्ट राहिले होते.

इंजिन बदललं की आरसीवरचा नंबरही बदलून घ्यावा लागतो. चेसिस तीच, पण इंजिनाचा नंबर वेगळा. तो न बदलता गाडी फिरवली आणि उद्या कुणी तपासलं तर तुम्ही चोर. म्हणून पेठ रोडला, आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसतात त्यांच्यातल्या एकाकडे गेलो. त्यानं आरसी उलटून पाहिली. २०१२, २०१७, २०२२, पाच-पाच वर्षांची नूतनीकरणं आणि ग्रीन टॅक्स, सगळं वेळच्या वेळी.

‘मालकाची सही लागेल.’

‘मालक माझे वडील.’

‘मग घेऊन या की त्यांना.’

मी काही बोललो नाही. त्याला कळलं असावं. त्यानं खणातून दुसरा कागद काढला, फॉर्म ३१. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायचा. म्हणाला, हे तीन महिन्यांच्या आत करायचं असतं, साहेब. तीन वर्षं होऊन गेली होती. मृत्यूचा दाखला, आईचं आणि भावंडांचं ना-हरकत, प्रतिज्ञापत्र. आधी नाव, मग नंबर.

घरी आल्यावर आईनं फॉर्म हातात घेतला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला, पाठची बाजूही वाचली. मग म्हणाली, ‘इंजिन बदललंस, पुष्कळ झालं.’ आणि भाजी निवडायला बसली.

फॉर्म तसाच गाडीच्या कप्प्यात आहे, अण्णांच्या डायरीखाली. पुढच्या वर्षी नूतनीकरण आहेच, तेव्हा करावंच लागेल. त्यात सिंहस्थ, सगळं शहर बांबूनं अडवलेलं असेल.

डायरीत पंपावरची प्रत्येक फेरी आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज, दशांशापर्यंत. शेवटच्या पानांवर मध्ये मध्ये ‘तेल अर्धा’ असं लिहिलंय, आधी दोन महिन्यांनी, मग महिन्यानं. म्हणजे त्यांना कळलेलं होतं. मी त्याखाली एक ओळ सोडून तारीख टाकली आणि लिहिलं, ‘इंजिन बदलले.’ मीटरचा आकडा आहे तसाच पुढे नेला. पहिल्या टाकीला सोळा पूर्णांक दोन पडलं.

अण्णांनी आधी टायरमधली हवा बघायला सांगितली असती. बघितली. मागच्या डाव्या चाकात खरंच कमी होती.