पाटीवरचं आडनाव

शुक्रवार, रात्र. ग्लासगो.

ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या चिपीत शिरले. फिश अँड चिप्सच्या दुकानाला इथे सगळे चिपीच म्हणतात. एरवी शुक्रवारी रांग असते, आज धो धो पाऊस, दुकानात मी एकटीच. पाटीवर इटालियन आडनाव कसं, हे कधीपासून विचारायचं होतं. आज विचारलं.

काउंटरमागच्या बाईंचे पणजोबा तस्कनीतल्या बार्गाचे. डोंगरावरचं छोटं गाव, पण तिथली कितीतरी घरं स्कॉटलंडात आली. आधी प्लास्टरच्या मूर्ती दारोदार विकायच्या, मग आइस्क्रीमची गाडी, मग चिप्सची कढई. उन्हाळ्यात आइस्क्रीम, हिवाळ्यात मासा. तळलेला मासा मुळात लंडनच्या ज्यू वस्तीतला, पण ग्लासगोत तो घरोघरी पोचवला तो अशा इटालियन कुटुंबांनी. खाली दुकान, वर बिऱ्हाड. शाळेतून आलं की पोरं बटाटे सोलायला बसायची.

त्या बोलताना हॅडॉक माशाचा तुकडा पिठात बुडवून कढईत सोडत होत्या, आपण भजी सोडतो तसा. आई सुरमई रव्यात घोळवून तव्यावर टाकायची, तो वास आठवला.

१० जून १९४० ला मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री ग्लासगोत, एडिनबरात इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. "दगड कोणी मारले ते नोन्नाला माहीत होतं," बाई म्हणाल्या. नोन्ना म्हणजे आजी. "शुक्रवारची गिऱ्हाइकंच होती."

पुरुषांची धरपकड झाली. त्यातल्या बऱ्याच जणांना कॅनडाला धाडण्यासाठी 'अरँडोरा स्टार' जहाजावर चढवलं. २ जुलैला आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. ८०० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक इटालियन. बाईंचे आजोबा त्यातलेच. क्लाइड नदीकाठी सेंट अँड्र्यू कॅथीड्रलला लागून २०११ साली त्या माणसांच्या स्मरणार्थ बाग केली आहे. मी रोज तिच्यावरून जाते. आजवर एकदाही आत गेले नाही, याचं आज फार वाईट वाटलं.

नोन्नाने फुटलेल्या काचेवर फळ्या ठोकल्या आणि कढई पेटवली. युद्धभर मासे आणि बटाटे रेशनवर गेले नाहीत, त्यामुळे गरम, पोटभर खायला लोक चिपीतच यायचे. दगड मारणारेही आले. तिने त्यांनाही पुडी बांधून दिली. मला नसतं जमलं. खरंच नसतं जमलं.

"तिला कसं जमलं?" मी विचारलं.

"वर पाच पोरं होती," बाई म्हणाल्या.

मग दोघी थोडा वेळ गप्प राहिलो. गोष्टीच्या नादात माझा मासा गार झाला होता. त्यांनी तो बाजूला काढून ठेवला आणि काही न बोलता दुसरा सोडला.