मेंडोसिनोचं केल्प, जळगावातून मोजताना

केल्प या उंच समुद्री शैवालाच्या जंगलाचा वरचा पसारा मोजायला होडी लागत नाही. लॅपटॉप, क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं पुरतात. चित्रं अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर खातं काढलं की मिळतात. मी उत्तर कॅलिफोर्नियाचा मेंडोसिनो किनारा घेतला, कारण २०१४ नंतर तिथे जे घडलं ते नुसत्या नजरेलाही कळतं.

नजर बसावी म्हणून आधी रावेर-यावलचं चित्र उघडा. लँडसॅट ८ चे ५, ४, ३ हे बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) लाल, हिरव्या, निळ्याच्या जागी लावले की केळीच्या बागा लालभडक दिसतात आणि तापीचं पाणी काळपट. हिरवं पान जवळचे अवरक्त किरण (बँड ५) परत फेकतं, पाणी ते गिळतं. केल्प ही झाडं नव्हेत, तपकिरी शैवाल आहे. पण पाण्यावर तरंगणारी त्याची पाती याबाबतीत केळीच्या पानासारखीच. त्यामुळे काळ्या समुद्रात किनाऱ्यालगत लाल चट्टे दिसतात. लाटांचा फेस पांढरा दिसतो, तो मोजायचा नाही. लँडसॅट ५ ला मात्र ४, ३, २ लावायचे, नाहीतर केल्प हिरवट दिसतं आणि माणूस उगाच चक्रावतो. २०१२ च्या नादी लागू नका: ५ ची चित्रं २०११ च्या नोव्हेंबरात थांबली, ८ हा २०१३ च्या फेब्रुवारीत सुटला, आणि ७ च्या २००३ नंतरच्या चित्रांत रेघोट्या पडलेल्या असतात.

खरी गोची एनडीव्हीआयमध्ये, म्हणजे अवरक्त आणि लाल यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून निघणाऱ्या हिरवाईच्या आकड्यात. लेव्हल-२ च्या (हवेचा परिणाम काढून दिलेल्या) फायलीतला आकडा म्हणजे परावर्तन, म्हणजे परत फिरलेल्या उजेडाचा वाटा, नव्हे, त्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावे लागतात. मी आधी कच्चेच आकडे घातले. अवरक्त ८०००, लाल ७६००: उत्तर ०.०३, म्हणजे केल्प नाहीच! रूपांतर केल्यावर तेच आकडे ०.०२ आणि ०.००९ होतात आणि उत्तर ०.३८ येतं. उलटी भानगडही होते: उघड्या पाण्यावर परावर्तन कधी उणे निघतं आणि एनडीव्हीआय भलताच उसळतो. दोन्ही बँडपैकी एकही उणे असेल तो ठिपका (पिक्सेल) सरळ गाळायचा. किनाऱ्याला चिकटलेली एक ओळही गाळा, तिच्यात जमीन मिसळलेली असते. एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. अंदाजे मोजणी करायला तेवढं पुरे. २०१५ नंतरच्या वर्षांसाठी सेंटिनेल-२ या युरोपी उपग्रहाचं चित्र घेतलं तर ठिपका एका गुंठ्यावर येतो.

तारीख निवडताना घाई नको. तिथली केल्पची जात म्हणजे बुल केल्प, ते वर्षायू, हिवाळी वादळांत उपटून जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरचीच चित्रं एकमेकांशी ताडून पाहा. उन्हाळ्यात धुकं फार. भरतीत किंवा जोराच्या प्रवाहात पाती पाण्याखाली ओढली जातात आणि चट्टा अर्धा होतो, म्हणून त्या वेळची भरती-ओहोटी बघा. चित्रातली वेळ जागतिक वेळेत असते: १८:४५ म्हणजे तिथे उन्हाळ्यातले पावणेबारा, आपल्याकडे रात्री सव्वाबारा. तारीख इथेच चुकते.

एवढं करून २००८ आणि २०१६ शेजारी ठेवले की लाल रंग जवळजवळ गायब. २०१३ पासून रोगाने सूर्यफूल तारामासे मेले, त्यात २०१४ ते २०१६ समुद्र तापला. तारामासे जांभळ्या समुद्री अर्चिनना (काटेरी गोळ्यासारख्या प्राण्यांना) खात. खाणारा गेला आणि अर्चिननी केल्प खरवडून खडक उघडा पाडला. उत्तर किनाऱ्यावरचं बुल केल्प ९० टक्क्यांहून जास्त घटलं. उपग्रहाला दिसतो तो फक्त वरचा पसारा; खाली बुटकं केल्प उरलंय की उघडा खडक, हे पाण्यात बुडी मारणाराच सांगणार.

मोंटेरेची तुलना करणार असाल तर तिथे मॅक्रोसिस्टिस ही केल्पची दुसरी जात आहे, बारमाही, आणि अर्चिन खाणारी समुद्री पाणमांजरंही आहेत. तिथे महिन्याचा नियम बदलावा लागतो. मी तिमाही सरासरी धरतो.