चर्रर्र वाजणारं पाकीट

माझं पाकीट उघडलं की चर्रर्र असा आवाज येतो आणि दुकानातले दोघं-तिघं वळून बघतात. काळं, नायलॉनचं, तीन घड्यांचं, वेल्क्रोवालं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या फुटपाथवर घेतलेलं, आता नऊ वर्षं होतील. बायको दर दिवाळीला म्हणते अहो आता तरी चामड्याचं घ्या, हे शाळेतल्या पोराचं वाटतं. चामड्याचंही होतं की माझ्याकडे, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, पण रोजचं जाणंयेणं गाडीवर सातपूर एमआयडीसीत, जुलै-ऑगस्टात पँटचा खिसा दिवसभर ओलसर, दोन पावसाळ्यांत त्याच्यावर पांढरी बुरशी धरली आणि घडीवर तडे गेले. नायलॉनचं तसं नाही, रात्री नोटा काढून दोरीवर चिमट्याने टांगायचं, सकाळी कोरडं.

तर मागच्या महिन्यात ते लागेचना. पेट्रोल पंपावर खिशातून काढताना आपोआप उघडलं आणि लायसन्स खाली पडलं, नशीब मागच्या गाडीवाल्याने हाक मारली. घरी सगळ्यांचं एकच, फेका आता. मी ते ट्यूबलाइटखाली धरून नीट बघितलं. वेल्क्रोच्या दोन पट्ट्या असतात ना, एक खरखरीत आणि एक मऊ, त्यातल्या खरखरीत बाजूला नायलॉनचे बारीक बारीक आकडे असतात, क्रोशाच्या सुईला असतो तसा आकडा, आणि मऊ बाजूला दोऱ्याचे फासे, आकडे फाशांत अडकतात एवढंच त्याचं गणित. माझ्या आकड्यांत नऊ वर्षांचा कापूस, केस, टॉवेलचे धागे असे काही गच्च बसले होते की फाशांना शिरायला जागाच नव्हती. जुना टूथब्रश आणि सुई घेऊन अर्धा तास बसलो, हरभऱ्याएवढी गोळी निघाली, आणि खाली आकडे जसेच्या तसे!

हे शोधलं त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. जॉर्ज द मेस्त्राल, स्वित्झर्लंडचा इंजिनिअर, 1941 मध्ये कुत्र्याला घेऊन रानात गेला आणि येताना कुत्र्याच्या केसांत, स्वतःच्या कपड्यांना काटेरी फळं चिकटून आली. पावसाळा संपताना पांडवलेणीच्या बाजूने डोंगरात शिरलं की आपल्याही पँटला आघाड्याचं बी चिकटतं, मोज्यांत कुसळं घुसतात, आपण पायरीवर बसून शिव्या देत काढतो. मेस्त्रालने ती फळं मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि त्यांच्या काट्यांना असेच आकडे दिसले. मग खूप वर्षं खटपट, 1955 ला पेटंट. नाव पण दोन फ्रेंच शब्दांचं, वलूर म्हणजे मखमल आणि क्रोशे म्हणजे आकडा, आपल्या घरात विणतात तो क्रोशा हाच शब्द.

आणि तो आवाज, ज्याच्यावरून मला बोलणी बसतात, तो शेकडो आकडे एकामागून एक सुटण्याचा असतो. टोकाला धरून सोललं की एका वेळी एकच ओळ सुटते म्हणून बोटाने उघडतं, पण दोन्ही पट्ट्या आडव्या ओढून बघा, जोर लावला तरी हलत नाहीत. म्हणून खिशात ताण आला तरी चांगलं वेल्क्रो धरून ठेवतं. नाशिकरोडच्या बसमध्ये गर्दीत कुणी पाकिटाला हात घातला तर ते गपचूप उघडूच शकत नाही, हे मला चेनपेक्षा भारी वाटतं.

साफ केल्यावर पण पकड जरा कमीच होती, कारण मऊ बाजूचे फासे ओढून ओढून तुटलेले, ते काही परत येत नाहीत. मेन रोडला लेस-बटणाच्या दुकानात पट्टी मिळाली, एक मीटरच्या खाली देत नव्हते आणि काळी संपलेली म्हणून पांढरी घेतली. बॅग रिपेअरवाल्याने जुनी पट्टी उसवून चारी बाजूंनी मशीन मारून दिली. गोंदाने चिकटवू नका, आठवड्यात सुटते.

उरलेली पट्टी आईच्या बटव्याला लावली. तिची बोटं आखडतात, चेनचं टोक धरता येत नाही, टिचबटण दाबलं जात नाही, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बुधवारच्या बाजारात भाजीवाल्याला म्हणायची तूच काढून घे रे बाबा. ह्या बुधवारी मेथीची जुडी घेतली आणि तिनेच बटवा उघडला, चर्रर्र.