ओहोळाकाठचा सापळा

मे महिन्यातील एका पहाटे आमच्या कळपातील सहा आठवड्यांचे एक कोकरू कुरणाच्या ओहोळाकडील टोकाला मरून पडलेले आढळले, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘कायोटी’, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा दिसणारा रानटी शिकारी प्राणी. शेजारच्या कुरणाचे वृद्ध मालक त्या दिवशी आमच्याकडे आले. त्यांनी सारे आयुष्य अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या फ्लिंट हिल्स भागात गुरे पाळण्यात आणि हिवाळ्यात सापळे लावण्यात घालवले आहे. त्यांनी काही न बोलता माझ्या हाती चाकू दिला आणि कोकराच्या मानेवरची कातडी सोलायला सांगितले. कायोटी मेंढीला बहुधा गळ्यापाशी, जबड्याच्या किंचित मागे धरतो. चावा जिवंतपणी बसला असेल, तर सुळ्यांनी पडलेल्या भोकांभोवती कातडीखाली रक्त साकळते. आधीच मेलेले जनावर कोणी खाल्ले असेल, तर तेथे असे रक्त आढळत नाही. मोकाट कुत्र्यांचा हल्ला असेल, तर मागचे पाय, कुशी, कान असे जागोजागी फाडलेले असतात आणि पुष्कळदा एकाच रात्री अनेक मेंढ्या जखमी होतात. आमच्या कोकराच्या गळ्यावर भोके होती आणि त्यांच्याभोवती काळसर रक्त साकळलेले होते. आदल्या वर्षी मेलेली दोन कोकरे मी अशी तपासणी न करताच पुरली होती आणि त्यांचा दोष पुराव्याविना कायोटीवर टाकला होता, याची मला आजही लाज वाटते.

सापळा लावणे मी त्या वर्षापासून शिकू लागले, आणि तेव्हापासून आतापर्यंत जे हाती आले ते येथे लिहून ठेवते आहे.

कायोटी हा लांडग्याचा लहान चणीचा भाऊबंद आहे. त्याचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तेथून इंग्रजीत आले. थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले. तेव्हा तो प्रामुख्याने पश्चिमेच्या गवताळ आणि रुक्ष प्रदेशाचा रहिवासी होता. पुढे माणसाने लांडगे जवळजवळ संपवले, जंगले तोडून शेते केली, आणि लांडग्यांची रिकामी झालेली जागा कायोटीने घेतली. आज हवाई सोडले तर अमेरिकेचे एकही राज्य त्याच्याविना नाही. हा विस्तार होत असताना माणूस त्याला बंदुकीने, विषाने आणि सापळ्याने अखंड मारतच होता, आणि ही गोष्ट सापळा हाती घेणाऱ्या प्रत्येकाने आधी नीट समजून घ्यावी असे मला वाटते. १९३१ साली अमेरिकी काँग्रेसने उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्या कामाची वारसदार असलेली केंद्रीय यंत्रणा अजूनही दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारते. तरीही त्यांची संख्या कमी झालेली नाही. कॅलिफोर्नियातील कॉनॉली आणि लाँगहर्स्ट या अभ्यासकांनी १९७५ साली गणिती प्रतिमान मांडून दाखवले, की दरवर्षी ७० टक्क्यांच्या आसपास प्राणी मारले तरी उरलेले ती तूट भरून काढू शकतात. जागा आणि अन्न वाढले की एका वेतातील पिल्ले अधिक जगतात, एरवी थांबून राहिल्या असत्या अशा कोवळ्या माद्याही वितात, आणि शेजारच्या मुलुखातून तरुण कायोटी रिकाम्या जागेत येतात.

म्हणून ‘कायोटी संपवायचे’ हा विचार मी सोडून दिला. सापळ्याने माझ्या जमिनीवरचे कायोटी संपत नाहीत. संपलाच तर एक विशिष्ट प्राणी संपतो, आणि तो नेमका कोणता असावा हे ठरवणे हेच सापळा लावणाऱ्याचे खरे काम आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आम्ही वापरतो तो पाय धरणारा सापळा आहे. त्याला दोन वेटोळ्या स्प्रिंगा, साधारण साडेपाच इंच उघडणारे दोन जबडे आणि मध्ये एक तबकडी असते. जबड्यांना दात नसतात. आमच्या सापळ्यांच्या कडा जाड आणि गोलसर आहेत, आणि मिटल्यावरही दोन्ही जबड्यांत थोडी फट राहते, जेणेकरून पाय धरला जावा पण हाड मोडू नये. साखळी आखूड असते आणि तिच्यात दोन-तीन ठिकाणी गरगर फिरणाऱ्या कड्या असतात, कारण धरलेला प्राणी गोल फिरतो आणि साखळीला पीळ पडला तर तो पीळ पायावर येतो. नवा सापळा तेलकट असतो आणि त्या वासाने कायोटी सावध होतो, म्हणून तो पाण्यात उकळून, रंगवून आणि मेणात बुडवून घ्यावा लागतो. त्यानंतर तो हातमोज्यांशिवाय हाताळायचा नाही.

जागा निवडणे हे सर्वांत कठीण. पहिल्या वर्षी मी कुरणाच्या मधोमध, मला सोयीची वाटली तेथे, तीन सापळे लावले आणि तीन आठवडे काहीही लागले नाही. शेजारच्या आजोबांनी मला पाऊस पडून गेल्यावर चालत नेले आणि चिखलातील पाऊलखुणा दाखवल्या. कायोटी माणसासारखाच सोपा रस्ता धरतो: कुंपणाची कड, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, ओहोळ ओलांडण्याची उथळ जागा, दोन कुरणांमधील झाडांच्या रांगेतील फट. कुत्र्याच्या ठशापेक्षा त्याचा ठसा निमुळता असतो आणि चाल जवळजवळ सरळ रेषेत जाते. अशा दोन वाटा जेथे मिळतात, तेथून आठ-दहा फुटांवर, आणि नेहमीचा वारा सापळ्याकडून वाटेकडे वाहील अशा बाजूला जागा घ्यायची. तेथे उंदीरघुशीने अन्न पुरले असावे असे भासेल असे तिरपे बीळ खणायचे, वीतभर खोल. त्यात आमिष ठेवायचे, वर थोडे गवत कोंबायचे, आणि बिळाच्या तोंडापासून वीतभर अलीकडे सापळा जमिनीत बसवायचा.

येथे ‘बसवणे’ हा शब्द मी जाणून वापरते. सापळा मातीत इतका घट्ट बसला पाहिजे, की त्याच्या कडेवर कोठेही बोट दाबले तरी तो हलणार नाही. पावलाखाली किंचितही हालचाल जाणवली तर कायोटी पाय मागे घेतो, बाजूने उकरतो आणि सापळा उलटा करून निघून जातो. माझ्याबाबतीत हे दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा सापळ्याचा एक कोपरा पोकळ मातीवर टेकला होता. वरून चाळणीने कोरडी माती पसरायची. थंडीत ही माती गोठली तर सापळा मिटतच नाही, म्हणून शरद ऋतूतच कोरडी माती बादल्यांत भरून कोठारात ठेवावी लागते. आमच्या कोठारातील त्या बादल्या पाहून आलेले पाहुणे चकित होतात.

सापळा प्राणी ओळखत नाही, आणि त्यावर मात करण्याचे उपाय मर्यादित आहेत. तबकडीचा ताण वाढवला तर ऑपॉसम, ससा किंवा स्कंक अशा लहान प्राण्यांच्या वजनाने ती सहसा दबत नाही. रकूनसाठी वेगळा, नळीसारखा सापळा मिळतो, ज्यात आत हात घालून ओढणारा प्राणीच अडकतो, कुत्रा अडकत नाही. बीव्हर आणि मस्करॅट या पाण्यात वावरणाऱ्या फरदार प्राण्यांसाठी कॅनडातील फ्रँक कॉनिबेअर या सापळेकऱ्याने १९५०च्या दशकात शरीर आवळून झटपट मारणारा सापळा तयार केला. त्याचे मोठे आकार आमच्या राज्यात फक्त पाण्यातच लावता येतात, आणि ते योग्यच आहे, कारण जमिनीवर तो कुत्र्याचा जीव घेतो.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या सापळ्यात शेजारच्या घरची कुत्री अडकली. सापळा माझ्याच जमिनीवर होता, त्यावर नियमाप्रमाणे ओळखपट्टी होती आणि परवाना माझ्या खिशात होता. पण ती कुत्री रोज त्या बाजूने येते हे मला ठाऊक होते आणि तरीही मी तेथेच सापळा लावला, कारण ती जागा उत्तम होती. मी सकाळी साडेसहाला पोहोचले तेव्हा ती शांत बसून होती. अंगावरचा कोट तिच्या डोक्यावर टाकून मी दोन्ही स्प्रिंगा पायांनी दाबल्या आणि तिला सोडवले. हाड शाबूत होते, पंजा सुजला होता, आणि ती चार दिवस लंगडली. तिच्या मालकिणीसमोर उभे राहून ‘हा सापळा माझा आहे’ असे सांगणे मला फार जड गेले. तेव्हापासून ज्या वाटेवर कुत्र्याचा एकही ठसा दिसतो, तेथे मी सापळा लावत नाही.

कॅन्ससच्या नियमानुसार लावलेला प्रत्येक सापळा दर दिवशी पाहावा लागतो. इतर राज्यांत हा अवधी वेगळा आहे: पेनसिल्व्हेनियात ३६ तास, वायोमिंगमध्ये पायाच्या सापळ्यासाठी ७२ तास. तीन दिवस हा अवधी मला अमानुष वाटतो, मग अंतर कितीही मोठे असो. सापळा मी झोपलेली असताना माझ्या वतीने काम करतो, आणि त्यात अडकलेल्या प्राण्याच्या यातना किती काळ चालतील हे केवळ माझ्या येण्यावर ठरते. म्हणून मी उजाडताच जाते, आणि बर्फवादळाचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी सगळे सापळे मिटवून येते. पायाच्या सापळ्यामुळे जो वाद उठला तो उगाच उठलेला नाही. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) १९९१ साली हा सापळा वापरण्यावर बंदी आणण्याचा नियम केला. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९६ साली आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ साली त्याला मोठ्या प्रमाणावर मज्जाव केला. त्या दबावामुळेच अमेरिकेतील राज्यांच्या वन्यजीव विभागांनी प्रत्येक प्राण्यासाठी कोणता सापळा किती इजा करतो याची पद्धतशीर चाचणी घेतली. माझे जाड कडांचे सापळे त्या चाचण्यांच्या शिफारशींनुसारच निवडलेले आहेत, आणि त्यासाठी मी बंदीची मागणी करणाऱ्यांची ऋणी आहे.

आता ज्या गोष्टीवर माझे आणि इथल्या अनेक सापळेकऱ्यांचे मत जुळत नाही, ती सांगते. हिवाळ्यात फरसाठी कायोटी धरले की वसंतात कोकरे वाचतात, असे इथे सर्रास मानले जाते. फर दाट आणि पूर्ण वाढलेली असते ती नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. त्या काळात सापळ्यात येणारे पुष्कळसे कायोटी हे आईबापांचा मुलूख सोडून भटकणारे, पहिल्याच हिवाळ्यातील तरुण असतात. कोकरे मारली जातात ती एप्रिल-मेमध्ये, आणि ती मारणारे बहुतेक वेळा मुलूख धरून राहणारे जोडपे असते, ज्याला बिळातील पिल्लांना भरवायचे असते. कॅलिफोर्नियातील हॉपलंडच्या मेंढीकेंद्रात १९९०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून हेच दिसून आले. युटामध्ये तर जोडप्यांची नसबंदी करून त्यांना तसेच मोकळे ठेवले, आणि पिल्ले नसलेल्या त्या जोडप्यांनी कमी कोकरे मारली. म्हणजे जानेवारीत मी दहा तरुण कायोटी धरले तरी मे महिन्यातील शिकार थांबण्याचे कारण नाही. उलट मेंढीला हात न लावणारे एखादे जोडपे मारले गेले, तर त्याच्या जागी कोण येईल याची खात्री नसते.

मग वसंतात सापळा लावावा काय? आमच्याकडे कायोटीला बंद हंगाम नाही, त्यामुळे कायदा आड येत नाही. पण मे महिन्यात मादी मारली तर बिळातील पिल्ले उपाशी मरतात, आणि त्या दिवसांतील कातडे कोणत्याही उपयोगाचे नसते. मी हे आजवर एकदाच केले आहे. एका आठवड्यात तीन कोकरे गेली, तिन्हींच्या गळ्यावर त्याच खुणा होत्या, आणि ओहोळाच्या उथळ जागेवरून एकच माग येत-जात होता. चौथ्या दिवशी तेथे एक नर लागला. ०.२२ कॅलिबरच्या रायफलीची एक गोळी कानामागे झाडून मी ते काम संपवले, आणि त्या मोसमात आणखी कोकरू गेले नाही. त्यानंतर आम्ही कळपाची राखण करणारी ग्रेट पिरेनीज जातीची दोन कुत्री आणली, मेंढ्या वितात ते कुरण विजेच्या तारेने वेढले, आणि मेंढ्या रात्री घराजवळच्या आवारात आणू लागलो. तेव्हापासून वसंतात सापळा लावण्याची गरज पडलेली नाही.

फरचा बाजार आता उरलेलाच नाही असे म्हटले तरी चालेल. काही वर्षांपूर्वी हिवाळी कोटांच्या टोपीला कायोटीच्या फरची किनार लावण्याची पद्धत होती, आणि मोंटाना किंवा सस्कॅचेवानकडील फिकट, दाट कातड्याला लिलावात शंभर डॉलरच्या आसपास भाव मिळत असे. २०१९ साली उत्तर अमेरिकेतील एक मोठे लिलावगृह कर्जात बुडाले, आणि २०२१ साली असे कोट बनवणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने फर वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर भाव कोसळले. कॅन्ससचे कातडे त्या प्रतीचे कधीच नव्हते. आजोबा अजूनही प्रत्येक कातडे मोज्यासारखे अखंड सोलतात, चरबी खरवडतात आणि लाकडी पाटीवर ताणून वाळवतात. भाव नाही म्हणून काम अर्धवट करणे त्यांना मान्य नाही. हातमोजे घालण्याबाबतही ते कडक आहेत, कारण मस्करॅट आणि बीव्हरमधून टुलरेमियाचा ताप माणसाला होतो आणि मैदानी प्रदेशातील स्कंकमध्ये रेबीज आढळतो.

मी आता हिवाळ्यात फक्त रकूनसाठी नळीचे सहा सापळे लावते, तेही धान्याच्या कोठाराभोवती, आणि कायोटीसाठी दोन, ओहोळाच्या त्याच उथळ जागेपाशी, पाऊलखुणा पाहून. एका वहीत प्रत्येक सापळ्याची जागा, लावल्याची तारीख आणि रोज पाहिल्याची वेळ लिहिलेली असते. फेब्रुवारीच्या मध्यावर हंगाम संपतो, त्या संध्याकाळी आजोबा काठी टेकत येतात. मी एकेक सापळा उपटून बादलीत टाकते आणि ते वहीतील ओळ खोडत जातात. गेल्या वर्षी एक ओळ उरली, तेव्हा अंधार पडला तरी आम्ही विजेरी घेऊन ओहोळाकाठी फिरत राहिलो, आणि आठवा सापळा वाहून आलेल्या पाचोळ्याखाली, उघड्या जबड्यांनिशी, सापडला.