निवाऱ्याच्या फाटकाबाहेरचं टेबल

यवतमाळ-दारव्हा भागात कुत्र्यामांजरांचा एक छोटा निवारा आहे, तिथे मी काम करते. जुनं टिनाचं गोदाम आणि त्यात जाळीच्या खोल्या, एवढाच पसारा. इथे आलेलं कुठलंही जनावर थेट आत जात नाही. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली एक लोखंडी टेबल मांडलेलं आहे, आत नेण्याआधी तपासणी, लस सगळं तिथेच करतो. आणणाऱ्यांना हे रुचत नाही. "इतक्या लांबून आणलं अन् आता दारातच उभं ठेवता काय?" हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. म्हणूनच एका खेपेची हकीकत सविस्तर लिहिते. टेबलावरचा तो तासभर आणि त्यानंतरचे दोन आठवडे, जनावर वाचायचं की जायचं ते यातच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

दिवाळी होऊन गेली होती, वेचणी जोरात होती. जवळच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यातून, फोन आला. कापसाच्या गंजीमागे कुत्री व्यालेली, पिल्लं आता फिरायला लागलेली, ट्रॉलीच्या चाकाखाली यायला वेळ लागणार नाही. मायलेकरं आणली. त्याच दिवशी एक शाळकरी पोरगा खताच्या बोरीत मांजर घालून सायकलवर घेऊन आला. बोरीतून नुसत्या शिंका ऐकू येत होत्या.

मांजराची बोरी आम्ही आधी कुत्र्यांपासून दूर, मागच्या पडवीत नेली आणि पिंजऱ्यावर चादर टाकली. भुंकणं ऐकून घाबरलेलं मांजर खाणं सोडतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या लिव्हरवर परिणाम व्हायला लागतो, म्हणून त्याला शांतता देणं हाही उपचारच.

टेबलावर जनावर घेण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला: कुणाला चावलं का? इथे उत्तर "हो" होतं. जिनिंगवरच्या एका मजूर बाईच्या पोराला आदल्या दिवशी पिल्लू उचलताना कुत्रीनं दात लावला होता. बाईला विचारलं तर म्हणाली, "अवं, चुना-हळद भरली, वरून तिखट लावलं. आता काय होते?" पोराचा हात पाहिला तर करंगळीच्या खाली दोन बारीक भोकं, त्यात लाल-पिवळा गोळा भरलेला. तो सगळा नळाखाली साबणानं धुवायला लावला. घड्याळ लावून 15 मिनिटं. पोरगा रडत होता, बाई माझ्यावर चिडली होती, पण मी नळ बंद करू दिला नाही. मग त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे रेबीजची लस फुकट मिळते. पहिला डोस त्याच दिवशी आणि पुढचे 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायचे. रक्त निघालेलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की माणूस असो की जनावर, वाचत नाही. म्हणून या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

चावल्यामुळे कुत्रीवर 10 दिवस नजर ठेवणं आलं. चावताना तिच्या लाळेत विषाणू असता, तर या 10 दिवसांत ती आजारी पडली असती किंवा मेली असती. एरवी तीन महिन्यांवरच्या प्रत्येक जनावराला आम्ही रेबीजची लस लगेच देतो. हिची मात्र डॉक्टर मॅडमनी मुद्दाम थांबवली. लसीनंतर एखादं जनावर सुस्तावतं. नजरेखालचं जनावर सुस्तावलं, तर ते लसीनं की रोगानं हे कळणार कसं? तिची खोली वेगळी, वर पाटी, आत जाणारं माणूस एकच. निवाऱ्यात हात घालणाऱ्या आम्हा सगळ्यांचं रेबीजचं लसीकरण आधीच झालेलं आहे. ते झाल्याशिवाय कुणालाही कुत्र्याला हात लावू देत नाही.

मग तपासणी. मॅडम आधी लांबूनच बघतात. चाल कशी आहे, श्वास पोटातून चालतोय का, नाकाडोळ्यांतून काही गळतंय का. हात नंतर. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. कुत्रीच्या हिरड्या फिक्या होत्या, नाकपुडीला सुकलेलं रक्त होतं. कान उलटा केला तर आत गोचीड खचाखच, काही तुरीच्या दाण्याएवढे फुगलेले. थर्मामीटरवर 103.4. कुत्र्याचा ताप साधारण 101 ते 102.5 असतो. गोचीड तापाचा संशय होता, म्हणून काचपट्टीवर रक्त घेतलं आणि अहवालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, चार आठवडे, कायम खाण्यासोबत. हे औषध दुधात उतरतं. पिल्लं सहा आठवड्यांच्या आसपासची, दात आलेली, म्हणून मॅडम म्हणाल्या की आता यांना दुधावरून काढू. त्या संध्याकाळपासून भाताची पेज आणि शिजवून कुस्करलेलं अंडं सुरू झालं.

पिल्लं पाच होती. वजन किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर करतो, कारण जंताचं औषध वजनावर ठरतं. पोटं टम्म, हिरड्या रुईसारख्या पांढऱ्या. लोकांना वाटतं, पोट फुगलं म्हणजे पिल्लू बाळसेदार. खरं तर ते जंत असतात. त्यातला अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, वरून पिसवा पितात, आणि एवढ्याशा जिवात रक्त असतं तरी किती! जंताचं औषध त्याच दिवशी दिलं आणि दर दोन आठवड्यांनी द्यायचं ठरलं. पिसवा मात्र बारीक दाताच्या फणीनं काढल्या, साबणाच्या पाण्यात टाकत. पिल्लांना फवारणीचं औषध पाण्यात कालवून अंघोळ घालणारे आमच्याकडे कमी नाहीत. कपाशीवर मारायचं औषध ते. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. धडधाकट माणूस ज्यानं जातो, त्यानं पाऊण किलोच्या पिल्लाचं काय होणार? अंगाला कंप सुटलेली, तोंडाला फेस आलेली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेली कुत्री आम्ही पाहिली आहेत. वेळेत आली तर ॲट्रोपीन देऊन काही वाचतात.

खरी वादावादी झाली ती पार्व्हो आणि डिस्टेंपर, कुत्र्यांच्या या दोन जीवघेण्या साथरोगांच्या लसीवरून. त्या दिवशी मॅडमसोबत दुसरे एक डॉक्टर होते, गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या कामात मुरलेले. त्यांचं म्हणणं, आधी जंताचं औषध द्या, आठवडाभर खाऊ घाला, अंगात ताकद आली की लस. घरी पाळलेल्या एकट्या पिल्लासाठी हा क्रम ठीक आहे, तालुक्यात सगळे तसंच करतात. पण निवाऱ्यात आठवडाभर थांबायला सवड नसते. जिथे रोज कुठून ना कुठून जनावर येतं, तिथे पार्व्हो आणि डिस्टेंपर शेजारच्या जाळीपर्यंत येऊन ठेपलेले असतात. म्हणून लस टेबलावरच, आतल्या फरशीला पाय लागायच्या आधी. हलका ताप असला, जखम असली, कुत्री पाजणारी असली तरी. मॅडमनी हे शांतपणे समजावलं. पिल्लांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते, ती लसीलाच निकामी करते. कुणाची सहाव्या आठवड्यात ओसरते, कुणाची सोळाव्या. बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणून निवाऱ्यात दर दोन आठवड्यांनी डोस द्यायचा, पिल्लू वीस आठवड्यांचं होईपर्यंत. खर्च वाढतो, हे खरं आहे. कुत्र्यांच्या लसी आम्ही यवतमाळहून बर्फाच्या डब्यात आणतो. त्या 2 ते 8 अंशांतच राहायला हव्यात आणि आमच्याकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून लागतील तेवढ्याच आणतो.

मांजराची पाळी शेवटी आली. डोळे चिकटलेले, नाक बंद. मांजरांचा फ्लू. कोमट मिठाच्या पाण्यानं डोळे पुसले, थेंब घातले, तिहेरी लस दिली. नाक बंद असलं की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही तर ते तोंड लावत नाही, म्हणून सुकट गरम करून समोर ठेवली. मांजर आणणाऱ्या पोराच्या आजीनं घरून निरोप धाडला होता, तापाची अर्धी गोळी देऊ का म्हणून. मी पोराला दोनदा बजावलं, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. कुत्र्यांच्या गोचिडावरची काही औषधंही मांजराचा जीव घेतात. त्यावर परमेथ्रीन लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यायचं.

त्यानंतर दोन आठवडे वेगळी खोली. या खोलीची चप्पल वेगळी, बादली वेगळी, झाडू वेगळा. साफसफाई आधी आतल्या निरोगी पिल्लांची, इथली सगळ्यात शेवटी. खाली कोबा केला आहे. गावाकडे जमीन शेणानं सारवायची पद्धत आहे, पण शेणामातीत पार्व्होचा विषाणू महिनोन्महिने तग धरतो आणि तिथे ब्लीचिंगचा जोर चालत नाही. फिनाईलनं तर तो मरतच नाही. आधी साबणानं घाण धुवायची, मग विहिरीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओतायची, 10 मिनिटं तशीच ठेवायची. पावडर ताजी हवी, उन्हाळ्यात उघडी राहिलेली निव्वळ चुना उरते.

आठवडा भरायच्या आत सगळ्यात लहान पिल्लानं पेज सोडली. संध्याकाळी उलटी, रात्री जुलाबात रक्त. तो वास एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी तपासणीची पट्टी लावायच्या आधीच कळतं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पार्व्होच. पार्व्होवर आमच्याकडे थेट औषध नाही. सलाइन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि ऊब, एवढंच हातात असतं. थंडी पडली होती. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, थोड्या वेळानं बदलत राहिलो. पुढच्या पायाची शीर दोऱ्याएवढी, तीही आकसलेली. पहाटे ते गेलं. मी खूप रडले. लस दिली होती तरी ते गेलं, कारण विषाणू जिनिंगमध्येच त्याच्या पोटात गेलेला होता. रोग दिसायला 3 ते 7 दिवस, कधी 14 दिवसही लागतात. दुसरं एक ठिपक्यांचं पिल्लू आजारी पडलं, पण ते उठलं. आतल्या मोठ्या खोलीत तेव्हा डझनावर पिल्लं होती. त्यांच्यातल्या एकालाही काही झालं नाही. फाटकातून सरळ आत घेतलं असतं तर त्यांतली किती उरली असती, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

कुत्रीचे 10 दिवस नीट गेले, मग रेबीजची लस झाली. ताप उतरला, हिरड्यांवर रंग आला, दूध आटल्यावर नसबंदी झाली आणि कानाला खूण केली. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे तिला उचलली त्याच जागी सोडायचं असतं, म्हणून ती जिनिंगवर परत गेली. मजूर बाईच्या पोराचेही डोस पूर्ण झाले. मांजर त्या शाळकरी पोराच्या घरीच आहे.

ठिपक्याला एका शेतकऱ्यानं मागितलं, शेतात जागलीला. रानडुकरं हरभऱ्यात घुसतात, कुत्रं हवंच म्हणाला. मी लसीचं कार्ड दाखवून सांगितलं, शेवटचा डोस होईपर्यंत याला बाहेर मोकळं सोडायचं नाही, घराच्या अंगणातच ठेवायचं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तारखा हुकल्या त्?" मी माझा नंबर मागच्या बाजूला लिहून दिला आणि त्यांचाही घेतला. डोसाच्या आदल्या संध्याकाळी मीच फोन करते.